हरवलेल्या वस्तूचा शोक

मनुष्याच्या दुःखांची प्रतवारी लावण्याचा अधिकार जगाने आपल्या हाती ठेविलेला आहे. कोणाचा आप्त गेला, कोणाचे पीक बुडाले, कोणाचे घर जळाले, म्हणजे जग त्याला रडण्याची मोकळीक देते. इतकेच नव्हे, तर तो न रडल्यास त्याला कठोर ठरविते. परंतु एखाद्याची जुनी छत्री, झिजलेली लेखणी किंवा खिशातला मिटता चाकू हरवला आणि त्याचा चेहरा उतरला, की हेच जग हसू लागते. ‘दुसरा घ्या!’ हा त्याचा ठरलेला उपदेश. हरवलेल्या मनुष्यालाही मग आपल्याच शोकाची लाज वाटते, आणि तो तो शोक लपवू लागतो. हे दुःख खरोखरच लाज वाटण्याजोगे आहे काय? आणि तसे नसेल, तर त्याची मर्यादा कोठे? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु वस्तूंशी, आणि वस्तूंच्या निमित्ताने माणसांशी, आपण कसे वागावे हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

निमित्त असे घडले. माझ्या स्नेह्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ, आयुष्यभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकविलेले, मूलहून सावलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या जंगलात फाल्गुनात फिरावयास गेले होते. पळस फुलला होता, साग निष्पर्ण झाला होता, आणि पायाखाली पाल्याचा एवढा थर की पाऊल कोठे पडते तेही दिसू नये. एका झुडपाची डहाळी कापून पाहिली, चाकू खिशात टाकला असे त्यांना स्पष्ट आठवते. पण घरी आल्यावर खिसा रिकामा. चाकू त्यांच्या वडिलांचा. पाते शेफील्डचे, स्वातंत्र्यापूर्वी नागपुरात विकत घेतलेले. मूळची शिंगाची मूठ फुटल्यावर गावच्या लोहाराकडून शिसवीची बसवून घेतलेली. पन्नास वर्षे निसण्यावर घासून घासून पाते निम्मे उरले होते. बाजारात त्याला कोणी चहाचे पैसेही दिले नसते. पुढे चार दिवस गुरुजी त्या जंगलात पाला उलथीत हिंडले, आणि पाचव्या दिवशी त्यांनी माझ्यापाशी विषय काढला तो अपराध्याच्या स्वरात.

त्यांचे खरोखर काय गेले? विचार केला तर एका हरवण्यात तीन निरनिराळ्या हानी दडलेल्या दिसतात. पहिली किंमतीची. ती बाजार भरून देतो, आणि ‘दुसरा घ्या’ म्हणणाऱ्याच्या दृष्टीला एवढी एकच हानी दिसते. दुसरी हानी उपयोगाची. पण हा उपयोग केवळ पात्याचा नव्हे. जुने हत्यार हाताला ठाऊक असते आणि हात हत्याराला. कोणत्या बाजूने किती दाबावे, कमान कोठे अडते, टोक कोठवर जाते, हे ज्ञान डोक्यात नसते; ते बोटांत असते. चाकू गेला म्हणजे त्या बोटांचे शिकलेपणही निराधार होते. नवा चाकू अधिक धारदार असेल. परंतु त्याच्यापुढे हात पुन्हा उमेदवार ठरतो. तिसरी हानी साहचर्याची. ज्याने तो दिला, ज्यांच्यासाठी त्याने फळे चिरली, त्यांतली कित्येक माणसे आता नाहीत. मनुष्याची स्मृती ही फार आळशी आहे. तिला उठविण्यास काही तरी हाती लागावे लागते. त्या लहानशा पात्यावर एका घराण्याच्या आठवणी टांगलेल्या होत्या.

ज्या लाकूडतोड्याची कुऱ्हाड पाण्यात पडली त्याची गोष्ट मराठी मुलाला अक्षरे येण्यापूर्वी येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांनी इसापाला मराठी वेष चढविला, तेव्हापासून तो आपल्याकडे परका राहिलेला नाही. देवाने सोन्याची कुऱ्हाड वर काढली, रुप्याची काढली. लाकूडतोड्या नाही म्हणाला, आणि लोखंडाची दिसताच ‘हीच माझी’ म्हणाला. या गोष्टीचे तात्पर्य आपण प्रामाणिकपणा असे शिकवितो. ते खरेच, परंतु मला तीत आणखी एक अर्थ दिसतो. सोन्याच्या कुऱ्हाडीने लाकूड तुटत नाही. त्या गरीबाला सोन्याचा मोह झाला नाही याचे कारण केवळ त्याचे सदाचरण नव्हे. त्याला आपले हत्यार ओळखता येत होते. किंमतीची हानी भरून देण्यास देव दोनदा तयार झाला. लाकूडतोड्याने मागितली ती उरलेल्या दोन हानींची भरपाई. ‘दुसरा घ्या’ या उपदेशाला याहून नेमके उत्तर मला सुचत नाही.

येथे वैराग्याचा पक्ष पुढे येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. एपिक्टीटस या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या देवघरापाशी एक लोखंडी दिवा होता. तो चोराने नेला. तेव्हा एपिक्टीटसने स्वतःची समजूत घातली ती अशी, की जे जवळ असते तेच जाऊ शकते. उद्या मातीचा दिवा आणू, म्हणजे झाले. आपल्याकडे भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले आहेत, आणि नाथांच्या टीकेमुळे ते महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. त्यांत कुरर नावाचा पक्षी एक गुरू आहे. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बलवान पक्षी त्याच्या मागे लागले. तुकडा टाकताच तो सुखी झाला. म्हणजे जे गेले त्याबरोबर त्याची काळजीही गेली, मग शोक कसला? वडिलांचा चाकू जपण्याचे ओझे गुरुजींच्या खिशातून उतरले, असे समजून त्यांनी निवांत का राहू नये?

या पक्षाला दोन उत्तरे आहेत. एपिक्टीटसची गोष्ट त्याच्या दिव्यापाशी संपत नाही. लुशियन नावाच्या ग्रीक लेखकाने नमूद केले आहे, की त्याचा मातीचा दिवा त्याच्या पश्चात कोणा धनिकाने तीन हजार द्राख्मांना विकत घेतला. रात्री त्या दिव्याच्या उजेडात वाचले तर एपिक्टीटसची प्रज्ञा आपल्यात उतरेल, अशा आशेने. लुशियनने त्याची टर उडविली आहे, आणि ते योग्यच झाले. कारण स्मृती ही विकत घेता येत नाही, ती वापरून मिळवावी लागते. तत्त्ववेत्त्याने निर्मोहाने आणलेली वस्तूही त्याच्या सहवासाने निराळी झाली, एवढे मात्र त्या टरेतही गृहीत धरलेले आहे. दुसरे उत्तर खुद्द अवधूताचे आहे. ज्या यादीत कुरर आहे, त्याच यादीत बाण घडविणारा कारागीरही आहे. बाण सरळ करण्यात तो इतका रमला होता, की जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागला नाही. कुरराने वस्तू टाकली म्हणून तो गुरू. कारागिराने वस्तूत चित्त घातले म्हणून तो गुरू. दोहोंत विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. कुरराच्या चोचीत होते ते हिसकावण्याजोगे भक्ष्य. कारागिराच्या हाती होते ते काम. भक्ष्यावरची आसक्ती आणि कामावरची निष्ठा यांना एकच नाव देणे, हा विचारातला आळस आहे.

या भेदाचे उदाहरण आपल्या अगदी जवळच्या काळातले आहे, आणि ते सांगणारे काका कालेलकर साताऱ्यात जन्मलेले. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. गांधीजी काही तरी शोधीत होते, फार अस्वस्थ होऊन शोधीत होते. विचारता कळले, की पेन्सिल हरवली आहे, लहानशी. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली. ती त्यांना नको होती. मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने मोठ्या प्रेमाने दिलेली ती पेन्सिल होती, आणि ती हरवलेली त्यांना सोसवत नव्हती. शेवटी दोघांनी मिळून ती शोधून काढली. दोन इंचांचीही धड नव्हती. ज्याने अपरिग्रहाचे व्रत घेतले त्याने बोटभर पेन्सिलीसाठी एवढा जीव काढावा, यात विसंगती आहे असे ज्याला वाटेल, त्याला अपरिग्रह समजलेला नाही. ज्याच्यापाशी शंभर पेन्सिली आहेत त्याची एकही कधी हरवत नाही, कारण त्याला एकही ओळखीची नसते. थोडे ठेवणारा मनुष्यच प्रत्येक वस्तूचे ऋण मानू शकतो. अनासक्ती आणि अनास्था या दोन शब्दांत अक्षरांचे साम्य आहे. अर्थाने ते परस्परांचे वैरी आहेत. वस्तू वापरावी, मोडावी, टाकावी आणि नवी आणावी, हा आजचा व्यवहार वैराग्याच्या फार जवळचा दिसतो, कारण त्यातही कोणी कशासाठी रडत नाही. पण तो न रडण्याचा गुण नव्हे; ते प्रेम न करण्याचे फळ आहे.

आता एक सूक्ष्म शंका. गुरुजींच्या चाकूची मूठ बदललेली, पाते निम्मे झिजलेले. मग वडिलांचा चाकू म्हणून ते ज्यासाठी शोक करीत होते, तो चाकू मुळात उरला होता काय? मिलिंद राजाला नागसेनाने रथाबद्दल हाच प्रश्न विचारला होता: रथ म्हणजे चाके, की आस, की जू? याचे उत्तर आपल्या प्रांताच्या ताज्या इतिहासाने दिले आहे. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांच्या, म्हणजे पहिल्या रघूजींच्या, ताब्यात गेले. त्या रघूजींची म्हणून ओळखली जाणारी तलवार २०२५ च्या एप्रिलात लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांना मिळविली, आणि ऑगस्टात ती मुंबईस पोहोचली. या तलवारीचे पाते युरोपीय घडणीचे. ज्याला आपले पूर्वज फिरंग म्हणत, त्या जातीचे. त्यावर सोन्याने लिहिलेले नाव मात्र देवनागरीत आहे. पाते परदेशचे म्हणून ती तलवार परकी, असे कोणालाही वाटले नाही. म्हणजे वस्तू कोणत्या धातूची आणि कोठल्या भट्टीतली, यावर तिचे आपलेपण ठरत नाही. ती कोणाच्या हाती राबली आणि कोणी तिला आपल्या नावाने हाक मारली, यावर ते ठरते. ज्या न्यायाने रघूजींची फिरंग आपली, त्याच न्यायाने शेफील्डचे पाते व लोहाराची मूठ मिळून झालेला तो चाकू गुरुजींच्या वडिलांचा. तलवारीच्या परतण्याने उत्सव झाला आणि चाकूसाठीच्या शोकाला हसू आले. फरक वस्तूंच्या आकाराचा आहे, भावनेच्या जातीचा नाही.

इथवर मी शोकाची बाजू घेतली. आता त्याच्या मर्यादेकडे वळले पाहिजे. कारण खरा धोका पुढेच आहे. हरवण्याची आपल्या भाषेतली रीत मोठी विचार करण्याजोगी आहे. ‘चाकू हरवला’ असे आपण म्हणतो तेव्हा कर्ता चाकूच असतो. जणू तोच वाट चुकला. ‘मला सापडला’ म्हणतानाही सापडण्याची क्रिया चाकूकडेच राहते. मी केवळ तिचा धनी. भाषेने येथे कोणावरही ठपका ठेवलेला नाही. परंतु शोक चार दिवस टिकला, की या निरपराध वाक्याच्या जागी दुसरे वाक्य येते: ‘कोणी तरी उचलला.’ गुरुजींच्या तोंडूनही ते निघाले. त्या दिवशी एक गुराखी पोरगा त्या बाजूला गुरे वळीत होता. मोहाखालचा पाला जाळून जागा झाडण्यास आलेल्या दोघीतिघी बाया होत्या. गुरुजी हे जन्मात कोणाला टोचून न बोललेले गृहस्थ. पण मी त्यांना थांबवून विचारले, की तुम्हांला गेलेली वस्तू प्रिय आहे म्हणून गेलेल्या वाटेवरची माणसे चोर ठरतात काय? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की वडिलांच्या चाकूने मी आजवर इतके वाईट काही कापले नव्हते. आणि तो विषय त्यांनी तेथेच मिटविला.

हरवलेल्या मालाबद्दल आपले जुने शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक सावध होते. मनूच्या सांगण्याप्रमाणे ज्याचा धनी ठाऊक नाही असे द्रव्य राजाने तीन वर्षे ठेवावे. आणि ‘हे माझे’ म्हणत येईल त्याला त्या वस्तूचे रूप, संख्या, ती कोठे व केव्हा हरवली, हे विचारावे. खोटे सांगणाऱ्यास वस्तूच्या किंमतीइतकाच दंड. म्हणजे मालकीचा पुरावा काय, तर वस्तूची ओळख. लाकूडतोड्याची परीक्षा याच कलमाखाली झाली म्हणावयाची. १८७२ चा करारांचा कायदाही वस्तू सापडलेल्याला चोर मानीत नाही. त्याच्यावर तो ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी टाकतो. दोन्ही शास्त्रांत सापडणारा हा प्रथम विश्वस्त आहे. संशय ही आपल्या मनाने घातलेली भर होय.

आणि चांदा-गडचिरोलीच्या जंगलात ही भर विशेष जड होते. ‘जंगलात चोरी’ हा शब्द येथे नवा नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वनगुन्ह्याचा संशय येताच वनोपजाबरोबर हत्यारे, गाड्या आणि गुरेही जप्त करण्याचा अधिकार दिला. ज्या माणसाच्या बापजाद्यांनी त्या रानातून बांबू तोडला, त्याने तो तोडला तर त्याची कुऱ्हाड जात असे. त्याची कुऱ्हाड पाण्यात पडली नव्हती, आणि ती वर काढून ‘हीच का तुझी?’ असे विचारणारा देवही नव्हता. गुरुजींचा चाकू गेला तर त्यांची सकाळची करमणूक गेली. त्याची कुऱ्हाड गेली तर संध्याकाळची चूल. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने चित्र बदलू लागले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलात तेथील ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने आले. हरवलेली वस्तू परत मिळण्याची उदाहरणे शोधावयाची, तर तलवारीआधी हे उदाहरण द्यावे लागेल. कारण येथे लोक जागचे हलले नव्हते, आणि तरी त्यांच्या पायाखालचे जंगल हरवले होते. आपल्या शोकाला अशा शोकांच्या शेजारी बसविले, म्हणजे तो खोटा ठरत नाही. पण त्याला आपली उंची कळते.

ही उंची कळण्यासाठी आणखी एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. आपण ज्याला फळे चिरण्याचे साधन म्हणतो, त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत बसविले आहे. ताडोबाच्या हद्दीत तोच चाकू परवानगीवाचून नेता येत नाही. वडिलांची आठवण चौकीपाशी शस्त्र होते. कायद्याची ही दृष्टी रुक्ष खरी. परंतु तीत सत्याचा अंश आहे. जंगलाला आपल्या आठवणी ठाऊक नसतात. त्याच्या दृष्टीने एक धारदार परकी वस्तू आत आली आणि पाल्याखाली पडली, एवढेच घडले.

आणि पाल्याखाली तिचे काय होते? चैत्रात मोहाखालचा पाला पेटविला गेला आणि आग तिच्यावरून गेली, तर पात्याचे पाणी उतरते. मग ते नावाचेच पाते राहते. शिसवीची मूठ वाळवीला कठीण जाते, पण पावसाळ्यांपुढे तीही कायमची नाही. पाते गंजते, गंज मातीत मिसळतो. या मातीला तरी लोखंडाचे नवल कोठे आहे? याच जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या टेकडीवर श्वार्झ या तज्ज्ञाने १८८२ साली लिहिलेला अहवाल वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याचे बीज पडले. वरोऱ्याचा कोळसा त्या कामास उपयोगी पडेना म्हणून तो कारखाना येथे झाला नाही, पुढे दूर साकचीस झाला. शेफील्डच्या भट्टीतून निघालेले चार बोटे लोखंड चांद्याच्या लोहमातीत जाऊन मिळाले, तर ते परदेशी गेले असे कसे म्हणावे? ते आपल्या जातीत परत गेले.

तेव्हा हरवलेल्या वस्तूविषयी मनुष्याचा धर्म मला असा दिसतो. प्रथम तिला मनापासून शोधावी. न शोधता सोडणे हे वैराग्य नव्हे, कृतघ्नता आहे. शोधताना वस्तूवर दृष्टी ठेवावी, माणसांवर नव्हे. जी वस्तू सापडण्यासाठी शेजाऱ्याचे नाव गमवावे लागते ती सापडून महाग पडते. शोधूनही न मिळाली तर शोक करावा, आणि त्याची लाज बाळगू नये. कारण ज्याने लहान वस्तूचे ऋण मानले तोच मोठ्या ऋणांना जागतो. आणि शेवटी शोकालाही चाकूसारखे मिटता आले पाहिजे. उघडे पाते खिशात बाळगणारा मनुष्य स्वतःलाच कापून घेतो. मिटलेले पाते मात्र जन्मभर सोबत करते, आणि ते कोणत्याही जंगलात पडत नाही.